भरल्या घागरीचा प्रश्न

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने नारायणगावपर्यंत जावे व तेथून पूर्वेस वळावे, म्हणजे कुकडी नदीच्या काठी बोरी बुद्रुक हे गाव लागते. वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर येण्याचा योग या गावास क्वचितच येत असेल. परंतु पुरातत्त्व व भूशास्त्र यांच्या अभ्यासकांना त्याचे नाव चांगले परिचित आहे. येथे नदीकाठच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा एक थर सापडला आणि त्याच परिसरात अश्मयुगातील माणसाची दगडी हत्यारेही सापडली. ही राख समुद्रापलीकडील सुमात्रा बेटावरच्या टोबा या ज्वालामुखीची असावी, असे संशोधक मानतात. तिच्या वयाविषयी त्यांच्यात मतभेद आहेत. पण एका गोष्टीविषयी मतभेदास जागा नाही. इतिहासाला ज्याचे नावही ठाऊक नाही असा तो माणूस या काठावर आला, तो पाण्यासाठी आला. त्याने कुकडीच्या प्रवाहात ओंजळ बुडविली आणि ती ओठांशी नेली. आज त्याच काठावर उभे राहून त्याच नदीचे पाणी तसेच ओंजळीने पिण्यास आपल्या मुलाला सांगण्याचे धाडस कोणती माता करील?

हा प्रश्न आम्ही एकट्या बोरी बुद्रुकला विचारीत नाही. महाराष्ट्रातील कोणत्याही नदीकाठच्या गावाला तो लागू आहे, आणि पुणे शहराला तर तो अधिकच लागू आहे. पाण्याचा विचार करताना आपण आजवर एकच गोष्ट पाहत आलो: घागर भरली की नाही? ती कशाने भरली, हे पाहण्याची सवय आपण लावून घेतली नाही. आमच्या मते यापुढील काळातील पाण्याचा खरा प्रश्न हाच आहे.

जुन्नर हा धरणांचा तालुका म्हणून ओळखला जातो. कुकडी प्रकल्पातील माणिकडोह, येडगाव, वडज आणि पिंपळगाव जोगे ही चार धरणे या तालुक्यात असून पाचवे डिंभे हे शेजारच्या आंबेगाव तालुक्यात घोड नदीवर आहे. डिंभ्याच्या जलाशयास हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव दिलेले आहे. या धरणांच्या कालव्यांनी पाणी पारनेर, श्रीगोंदा, कर्जत व थेट सोलापूर जिल्ह्यातील करमाळ्यापर्यंत जाते. नारायणगावच्या टोमॅटोचा बाजार, जुन्नरची द्राक्षे, कांदा आणि ऊस ही सारी या पाण्याची लेकरे होत. धरणांनी या भागाचे दैन्य फेडले, हे कोणीही प्रामाणिक माणूस नाकारणार नाही.

तथापि याच दोन तालुक्यांच्या पश्चिम अंगाला, नाणेघाट व भीमाशंकरच्या परिसरातील आदिवासी वाड्यावस्त्यांवर उन्हाळा आला की टँकरची वाट पाहावी लागते. पावसाळ्यात तेथे आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडतो. पण काळ्या कातळाच्या उभ्या उतारावर तो ठरत नाही. तो वाहून धरणात जातो आणि फाल्गुन-चैत्रात झरे आटतात. मग ज्या डोंगरावरून धरण भरले त्या डोंगरावरील बाई ओढ्यातला झिरा उकरून वाटीवाटीने हंडा भरते आणि खाली चकाकणारा जलाशय पाहते. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण कोणा कवीने रचलेली नाही. ती अशा वस्त्यांनी आपल्या अनुभवातून दिली आहे. पिण्याच्या पाण्याला पहिला मान, हे तत्त्व शासनाच्या जलनीतीत लिहिलेले आहे. परंतु आवर्तन केव्हा सोडावयाचे आणि कोणत्या तालुक्यास किती द्यावयाचे, यावर कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत जेवढा आवाज चढतो, त्याचा शतांश आवाजदेखील या हंड्यासाठी चढलेला आम्ही ऐकला नाही.

आमच्या पूर्वजांची समजूत निराळी होती. जुन्नरच्या आसमंतातील लेण्यांत व गडांवर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आजही पाहावयास मिळतात. येथील प्राचीन शिलालेखांत अशी टाकी खोदून दान केल्याची नोंद आहे. एका लेखात तर दोन टाकी दान देणारा गृहस्थ स्वतःस यवन म्हणवितो. परदेशातून आलेल्या माणसाला या भूमीत पुण्यकर्म करावेसे वाटले, तेव्हा त्याने वाटसरूच्या व भिक्षूच्या पाण्याची सोय केली. शिवनेरीवरील गंगा-जमुना टाकी तर प्रत्येक शाळकरी मुलाने सहलीत पाहिलेली असतात. टाके खोदणे हे जसे पुण्य, तसेच ते निर्मळ राखणे हे कर्तव्य. टाके एकदा खोदून भागते; निर्मळ मात्र ते रोज राखावे लागते. या दोहोंतील हा भेद ध्यानात ठेवावा, कारण पुढील सारे विवेचन त्यावरच उभे आहे.

स्वतंत्र भारताने टाकी खोदण्याचे काम अलीकडे मोठ्या वेगाने केले, याचे श्रेय दिलेच पाहिजे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जल जीवन मिशनची घोषणा झाली, तेव्हा देशातील सुमारे १९ कोटी ग्रामीण घरांपैकी केवळ ३ कोटी २३ लाख घरांत नळ होता. २०२५ पर्यंत ही संख्या १५ कोटींच्या वर गेली. माणशी दररोज ५५ लिटर पाणी द्यावयाचे, असे या योजनेचे माप आहे. २०२४ साली सर्व घरांत नळ पोहोचावयाचा होता. तो न पोहोचल्यामुळे मुदत २०२८ पर्यंत वाढविण्यात आली. मुदत टळली म्हणून आम्ही कोणास बोल लावीत नाही. आमची चिंता वेगळी आहे. भिंतीवर बसविलेली तोटी मोजता येते, तिचे छायाचित्र घेता येते, तिचे उद्‌घाटन करता येते. तिच्यातून येणारे पाणी निर्मळ आहे काय, हे मात्र छायाचित्रात दिसत नाही.

नळाचे पाणी नासते कसे, हे समजून घेणे कठीण नाही. आपल्याकडे बहुतेक गावांत व शहरांत पाणी दिवसातून काही तासच सुटते. पाणी चालू असताना नळीतील दाब आतून बाहेर असतो, त्यामुळे फुटक्या सांध्यातून पाणी गळते. पाणी बंद झाले की दाब उतरतो आणि त्याच सांध्यातून बाहेरची ओल आत शोषली जाते. ती नळी गटाराशेजारून गेलेली असेल, तर गटार आत येते. दुसऱ्या दिवशी तोटी सोडल्यावर पहिल्या हंड्यात हेच पाणी पडते. पाण्यात पुरेसे क्लोरीन शिल्लक असेल तर धोका पुष्कळ अंशी टळतो. नसेल तर टळत नाही. ग्रामपंचायतीने टाकीत मापाप्रमाणे टीसीएल पावडर टाकावी आणि शेवटच्या घराच्या नळावर ओटी परीक्षा घेऊन पाणी पिवळे होते की नाही ते पाहावे, एवढ्याचसाठी हा नियम आहे. ही परीक्षा करण्यास मिनिटभरही लागत नाही. ती झाली नाही, तर मात्र घरोघर आजारपण येते.

आम्ही शिक्षकाचा पेशा करीत होतो तेव्हाची एक आठवण येथे सांगावीशी वाटते. मृगाचा पहिला पाऊस झाला की आठ-दहा दिवसांत वर्गाच्या हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढू लागत. आम्ही त्या मुलांना आळशी समजत असू आणि परत आल्यावर रागेही भरत असू. ती मुले आळशी नव्हती. जुलाबाने घरी पडलेली होती. पहिल्या पावसाने गावातली सारी घाण वाहून पाण्याच्या उगमाशी नेली होती. त्या गैरहजेरीचे कारण विहिरीत आहे, हे आम्हांस फार उशिरा उमजले. १८५४ साली लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाकडे बोट दाखवून पटकीचा उगम सिद्ध केला, ही गोष्ट आम्ही मुलांना शिकवीत होतो. आमच्या समोरचा हजेरीपट वाचावयास मात्र आम्ही शिकलो नव्हतो.

कोणी म्हणेल की या खेड्यातल्या गोष्टी झाल्या. तसे म्हणणाऱ्याने २०२५ सालचा जानेवारी महिना आठवावा. याच पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत गिलेन-बारे नावाच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले. हातापायांतील शक्ती जावी, काहींना श्वासासाठी यंत्रावर ठेवावे लागावे, असा तो आजार. सुमारे दोनशे माणसे त्याने पकडली आणि काही दगावली. अनेक रुग्णांच्या नमुन्यांत दूषित अन्नपाण्यातून पसरणारा कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू आढळला आणि पाण्याच्या स्रोतांकडे सर्वांचे लक्ष गेले. खडकवासल्याच्या पायथ्याशी, धरणाच्या दृष्टिपथात असलेली ही वस्ती होती. पाणी मुबलक होते. ते राखलेले नव्हते.

जंतू क्लोरीनने मरतात. परंतु पाण्यात असेही दोष शिरत आहेत की ज्यांवर क्लोरीनचा इलाज चालत नाही. केंद्रीय भूजल मंडळाने २०२४ च्या अखेरीस प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार महाराष्ट्रात तपासलेल्या भूजलाच्या नमुन्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक नमुन्यांत नायट्रेटचे प्रमाण लिटरला ४५ मिलिग्रॅम या मर्यादेपलीकडे गेलेले होते. शेतात गरजेहून अधिक ओतलेला युरिया आणि जमिनीत मुरलेले मैलापाणी ही याची मुख्य कारणे होत. असे पाणी दिसावयास स्वच्छ असते, चवीला गोड लागते, उकळले तरी त्यातील नायट्रेट जात नाही. आणि तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती ते हिरावून घेऊ शकते. कुकडीच्या खोऱ्यासारख्या बारमाही बागायतीच्या प्रदेशात विहिरींची अशी तपासणी नियमाने झालीच पाहिजे. ज्या पाण्याने शिवार हिरवे होते, त्याच पाण्याबरोबर खत विहिरीत उतरू शकते.

निर्मळ पाण्याची गोष्ट शौचकूपाच्या गोष्टीवाचून पुरी होत नाही. महाराष्ट्राने २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू करून देशास या बाबतीत वाट दाखविली. पुढे २ ऑक्टोबर २०१४ रोजी स्वच्छ भारत अभियान सुरू झाले आणि घरोघर शौचालये बांधली गेली. स्त्रियांची अंधाराची वाट पाहण्याची विटंबना त्यामुळे पुष्कळ कमी झाली, हा लाभ लहान नव्हे. परंतु शौचालयाच्या खाली काय आहे, याची चौकशी कोणी करीत नाही. दोन शोषखड्डे विहिरीपासून दूर, नीट बांधलेले असतील, तर एक भरल्यावर दुसरा वापरता येतो आणि पहिल्यातील मैल्याचे कालांतराने निरुपद्रवी खत होते. त्याऐवजी एकच टाकी बांधून तिचे तोंड गटारात सोडले, अथवा ती उपसून टँकर ओढ्यात रिकामा केला, तर उघड्यावरची घाण नाहीशी होत नाही. ती केवळ आपल्या दृष्टीआड होऊन नदीत जाते.

आणि याविषयी खेड्यांस उपदेश करण्याचा अधिकार पुणे शहरास मुळीच नाही. हे शहर धरणांचे निर्मळ पाणी पिते आणि आपल्या मैलापाण्याचा मोठा भाग प्रक्रियेवाचून मुळा-मुठेत सोडते. मुळा-मुठा भीमेस मिळते. कुकडी घोडेस मिळते आणि घोडही पुढे भीमेसच मिळते. बोरी बुद्रुकवरून वाहत आलेले पाणी आणि आमच्या स्नानगृहांतून निघालेले पाणी उजनीच्या जलाशयात एकत्र येते. तेच पाणी सोलापूरकर पितात आणि आषाढीला वारकरी पंढरपुरात त्यातच स्नान करतो. वारीच्या वाटेवर पालखीचे दर्शन घेऊन धन्य होणाऱ्या पुणेकराने, आपण त्या वारकऱ्याच्या पुढ्यात वर्षभर काय पाठवीत असतो, याचा एकदा विचार करावा.

येथे आम्हांस आपल्या वाचकवर्गाशी, म्हणजे सुशिक्षित मध्यमवर्गाशी, दोन शब्द स्पष्टपणे बोलावयाचे आहेत. सार्वजनिक पाण्यावरील आपला विश्वास उडाला, तेव्हा या वर्गाने काय केले? त्याने घरात गाळणयंत्र बसविले, कार्यालयात जार मागविला, प्रवासात बाटली विकत घेतली आणि प्रश्न सुटला असे मानले. खेड्यातही आता लग्नकार्यास जारचेच पाणी लागते. स्वतःच्या मुलाबाळांची काळजी घेणे हा दोष नव्हे. परंतु ज्यांच्याजवळ बोलण्याची, लिहिण्याची, अधिकाऱ्यास जाब विचारण्याची शक्ती होती, तेच सार्वजनिक नळापासून उठून गेले; आणि त्या नळाखाली उरले ते ज्यांचा आवाज कोणी ऐकत नाही असे लोक. नळ बिघडला म्हणून आपण गेलो हे जितके खरे, तितकेच आपण गेलो म्हणून नळ अधिक बिघडला हेही खरे.

महाराष्ट्राची परंपरा याच्या नेमकी उलट आहे. १८६८ साली याच पुण्यात महात्मा जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांस खुला केला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्यातील पाणी ओंजळीने घेतले. माणसाच्या स्पर्शाने तळे बाटले असे मानून ते ‘शुद्ध’ करून घेणाऱ्यांना, खऱ्या अशुद्धीचा विचार कधी शिवला नव्हता. त्या दोन महापुरुषांचा आग्रह हा की, सार्वजनिक पाणी हे सर्वांचे पाणी होय. आज कायद्याने तळे सर्वांस खुले आहे; पण निर्मळ पाणी पैशाच्या कुंपणाआड जात आहे. ज्याला परवडते त्याने शुद्ध प्यावे आणि ज्याला परवडत नाही त्याने नशिबावर सोडावे, ही नवी पाणवठ्याची शिवाशिवच नव्हे काय?

हा प्रश्न आपल्या एकट्याचा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २८ जुलै २०१० रोजी शुद्ध पाणी व स्वच्छता हा मानवी हक्क म्हणून मान्य केला. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे, अजूनही जगातील २१० कोटी माणसांना सुरक्षितपणे पुरविलेले पिण्याचे पाणी मिळत नाही आणि ३४० कोटींना सुरक्षित स्वच्छतेची सोय नाही. हा प्रश्न केवळ गरीब देशांचा असेही नाही. अमेरिकेतील फ्लिंट शहरात २०१४ साली पाण्याचा स्रोत बदलताना नळ्यांच्या गंजाची काळजी घेतली गेली नाही, आणि जगातील सर्वांत श्रीमंत देशाच्या मुलांच्या पोटात शिसे गेले. तेथे पैसा होता, नळ होते, कायदाही होता. कमी पडली ती रोजची राखण. आपल्या लातूरला २०१६ साली मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले, तो पाणी नसल्याचा दाखला होता. फ्लिंट हा पाणी असून ते न राखल्याचा दाखला होय.

मग करावे काय? आम्हांस चार गोष्टी सुचवावयाच्या आहेत, आणि त्यांतील एकीलाही नवे धरण लागत नाही. पहिली, आवर्तनाचा कार्यक्रम ठरविण्यापूर्वी धरणांच्या वरच्या अंगाच्या वस्त्यांचे चैत्र-वैशाखाचे पिण्याचे पाणी आधी बाजूला काढून ठेवावे व ते तेथवर चढविण्याची सोय करावी. दुसरी, पावसाळ्यापूर्वी व नंतर ग्रामपंचायतींना पाण्याच्या स्थितीप्रमाणे लाल, पिवळे, हिरवे कार्ड देण्याची जी पद्धत राज्यात आहे, तिचा निकाल दप्तरात न ठेवता तो चावडीच्या फलकावर लावावा. क्लोरीन, जंतू व नायट्रेट यांचे आकडे तारखेसह लिहावेत, आणि पुण्यातही प्रभागवार तसेच करावे. तिसरी, पाणी सोडणारा व टीसीएल टाकणारा जो माणूस, तो गावचा खरा आरोग्यरक्षक होय. त्याला शिक्षण आणि वेळेवर पोट भरेल असा पगार मिळावा. चौथी, शहरांनी आपले मैलापाणी शुद्ध केल्यावाचून वाढीव पाण्याची मागणी करू नये.

यास पैसा कोठून आणावा, असे विचारले जाईल. लोक पाणीपट्टी भरत नाहीत, ही तक्रार खोटी नाही. परंतु तोच माणूस वीस लिटरच्या जारसाठी रोख पैसे मोजतो, हेही खोटे नाही. त्याला पैसा द्यावयाचा नसतो असे नव्हे. त्याचा विश्वास उडालेला असतो. फलकावर आकडे दिसू लागले, शेवटच्या नळाचे पाणी पिवळे होऊ लागले, तर पट्टी भरण्याची बुद्धी लोकांस आपोआप होईल. मिशनने गावोगाव पाच महिलांना पाणी तपासण्याची पेटी देऊन ती वापरण्याचे शिक्षण देण्याची योजना केली आहे. घागर ज्यांच्या डोक्यावर असते, त्यांच्याच हाती ही पारख देणे यासारखे शहाणपण नाही. फक्त त्यांनी काढलेला निकाल ग्रामसभेने ऐकला पाहिजे.

बोरी बुद्रुकच्या गाळात राखेचा जो थर आहे, तो एका प्रचंड उत्पाताची खूण म्हणून जगाने जतन केला. नद्या आपल्या गाळात सारे काही लिहून ठेवतात. आमच्या पिढीचा थर त्यावर साचू लागला आहे, आणि त्यात प्लास्टिक, मैला व खतांचे क्षार यांखेरीज पुढच्या संशोधकास काही सापडेल किंवा नाही, हे आजच ठरावयाचे आहे. उत्पात ज्वालामुखीने केला, त्यास माणसाचा इलाज नव्हता. हा उत्पात आपण करीत आहोत. तेव्हा त्यास इलाज आहे. वाचकांनी आज एवढेच करावे: आपल्या प्रभागाच्या अथवा आपल्या मूळ गावाच्या पाण्याची शेवटची तपासणी कोणत्या तारखेस झाली व तिचा निकाल काय लागला, हे संबंधितांस लेखी विचारावे. उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहावे. घागर भरली, एवढ्यावर समाधान मानण्याचे दिवस आता संपले आहेत.